दोन महिन्यांपासून दोन तासांपर्यंत : औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाची चाचणी



आजचा विषय आहे क्षयरोगाच्या निदानातल्या एका प्रश्नाचा इतिहास. रोग्याच्या छातीत क्षयाचे जंतू आहेत, हे कळलं. पण त्या जंतूंवर आपण देणार ती औषधं चालतील का? पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत याचं उत्तर यायला दोन ते तीन महिने लागत. आज ते दोन तासांत येऊ शकतं. ‘शकतं’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. यंत्राला दोन तास लागतात हे खरं, पण रोग्याला किती लागतात हा हिशेब वेगळा आहे, आणि आपल्याला आज त्या दोन्ही हिशेबांकडे बघायचं आहे.

हे बोलणं जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातून होतंय. जबलपुरातला मराठी अंमल १८१७ साली संपला, पण त्याआधी आणि त्यानंतर आलेली मराठी घरं या शहरात राहिली. इथे घरात ‘क्षय’ म्हणतात, शेजारी ‘तपेदिक’ म्हणतात, आणि दवाखान्याच्या रांगेत सगळेच ‘टीबी’ म्हणतात. नाव कुठलंही घेतलं तरी आवाज खाली येतो, हे मात्र सगळीकडे सारखंच. मराठी घरांना या रोगाची ओळख जुनी आहे. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात क्षयानेच गेल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

सावकाश वाढणारा जंतू

आनंदीबाई गेल्या त्याच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. हा जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धतही त्याच सुमारास आली. बेडका काचेवर पसरायचा, रंग द्यायचा, आम्लाने धुवायचा. बाकी सगळ्याचा रंग जातो, क्षयजंतूचा लाल रंग टिकतो. ही तपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, आणि शंभरावर वर्षं आपल्या देशाचा कारभार मुख्यतः तिच्यावरच चालला.

तिच्यात दोन उणिवा होत्या. एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेला सापडत नाहीत. म्हणजे रोग थोडा असेल, लहान मूल असेल, एचआयव्हीची बाधा असेल, तर काच कोरी दिसते आणि रोगी ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातो. दुसरी उणीव याहून मोठी. काचेवर दिसणारा जंतू औषधाला दबणारा आहे की न जुमानणारा, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. दोघेही दिसायला एकसारखे.

हे कळायला जंतू वाढवून बघावा लागतो. एका नळीत नुसतं खाद्य, दुसऱ्या नळीत खाद्य आणि औषध. दुसऱ्या नळीतही तो वाढला, तर औषध निरुपयोगी. कल्पना अगदी साधी आहे. अडचण जंतूच्या स्वभावात आहे. पोटातला साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयजंतूला दुप्पट व्हायला वीस तासांच्या आसपास लागतात. एका जंतूची तीस वेळा दुप्पट केली तर शंभर कोटींच्या वर जंतू होतात. साध्या जंतूला त्यासाठी दहा तास पुरतात, क्षयजंतूला पंचवीस दिवस लागतात. शिवाय आधी जंतू वाढवायचा आणि मग औषधासह पुन्हा वाढवायचा, असे दोन टप्पे. महिने जात ते इथे.

पहिल्याच औषधाने दिलेला इशारा

औषधांना न जुमानणारा क्षय ही अलीकडची भानगड आहे, असं अनेकांना वाटतं. ती औषधांइतकीच जुनी आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची जी चाचणी घेतली ती १९४८ साली प्रसिद्ध झाली, आणि वैद्यकाच्या इतिहासात ती आजही आदर्श मानली जाते. ५५ रोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ रोग्यांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. औषध रामबाण वाटावं असे हे आकडे. पण त्याच रोग्यांच्या बेडक्यातून काढलेले जंतू तपासले, तेव्हा बहुतेकांमध्ये स्ट्रेप्टोमायसिन चालेनासं झालेलं आढळलं. पुढच्या काही वर्षांत दोन्ही गटांतला फरक बराचसा मिटला.

कारण समजून घेणं अवघड नाही. फुप्फुसात क्षयाने पोखरलेली पोकळी झाली की तिच्यात कोट्यवधी जंतू असतात. इतक्या गर्दीत अगदी थोडे जंतू योगायोगाने असे जन्मतात, की एखादं औषध त्यांना लागू पडत नाही. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हे मूठभर उरतात. मग पोकळी त्यांचीच. शेतात एकच तणनाशक पुन्हा पुन्हा मारलं की शेवटी त्याला दाद न देणारं तणच रान भरून उगवतं, तसाच हा प्रकार.

म्हणून क्षयाला एका वेळी अनेक औषधं द्यायची, हा नियम झाला. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. आयसोनियाझिड १९५२ साली आलं. साठच्या दशकात रिफॅम्पिसिन आलं आणि दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आणणं शक्य झालं. ही दोन औषधं म्हणजे क्षयाच्या उपचाराचे दोन खांब. दोन्ही चालेनाशी झाली की त्या रोगाला एमडीआर, म्हणजे बहुऔषध-प्रतिरोधी क्षय, म्हणतात.

आता त्या दोन-तीन महिन्यांचा विचार करा. अहवाल येईपर्यंत रोग्याला काहीतरी द्यावंच लागतं. जंतूने आधीच दोन औषधांवर मात केली असेल, तर चार औषधांच्या नेहमीच्या उपचारात प्रत्यक्षात दोनच काम करत असतात. मग त्या दोघांवरही मात करायची संधी जंतूला मिळते. रोगी तोपर्यंत घरात खोकत असतो. पहिल्या उपचाराने बरा न झालेल्या माणसाला तोच उपचार आणि वर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, अशी आठ महिन्यांची पद्धत आपल्याकडे आणि जगभर कित्येक वर्षं चालली. हरत असलेल्या संघात एकच नवा गडी घालावा, तसा तो प्रकार होता. जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत थांबवायला सांगितली २०१७ साली. आंधळेपणाने औषध देण्याची किंमत अशी असते.

धारावीतल्या चिठ्ठ्या

हा आंधळेपणा किती होता, याचे दोन पुरावे मुंबईतलेच आहेत. डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या गरीब वस्तीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाच्या उपचाराची चिठ्ठी लिहायला सांगितली होती. शंभर डॉक्टरांनी मिळून ऐंशी वेगवेगळे उपचार लिहिले. वीस वर्षांनी काही बदललं का, हे बघायला हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तसाच अभ्यास पुन्हा केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळे उपचार लिहिले.

यात केवळ डॉक्टरांना दोष देऊन भागत नाही. ज्याच्या हातात तपासणी नाही, तो अंदाजानेच लिहिणार. खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरने जंतू वाढवून औषधांची तपासणी करायला सांगितलं असतं, तर रोग्याने दोन महिने कुठे आणि काय म्हणून थांबायचं होतं?

लवकर उत्तर हवं, ही गरज बाजाराने केव्हाच ओळखली होती. रक्तातली प्रतिपिंडं मोजून क्षय सांगणाऱ्या तपासण्या देशभर विकल्या गेल्या. बोटभर रक्त, काही तासांत कागद. फक्त तो कागद भरवशाचा नव्हता. क्षय नसलेल्यांना तो क्षय सांगायचा आणि असलेल्यांना सोडून द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये या तपासण्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं, आणि जून २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. चाचणी लवकर उत्तर देते म्हणून तिचं उत्तर बरोबर असतंच असं नाही, हा धडा इथे मिळाला.

एक्क्याऐंशी अक्षरं

खरा मार्ग दुसरीकडून आला. जंतू वाढत नाही तर न वाढो, त्याचं लिखित तर वाचता येईल.

प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनएची लांबलचक पोथी असते. क्षयजंतूची पोथी सुमारे ४४ लाख अक्षरांची आहे. ती संपूर्ण वाचून १९९८ साली प्रसिद्ध झाली. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९९३ मध्ये, टेलेंटी आणि सहकाऱ्यांनी एक फार सोयीची गोष्ट दाखवली होती. रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या जवळजवळ सगळ्या जंतूंमध्ये बिघाड एकाच ठिकाणी असतो : आरपीओबी नावाच्या जनुकातल्या अवघ्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात. ४४ लाख अक्षरांच्या पोथीतली एक ओळ वाचली की पुरे. शिवाय रिफॅम्पिसिन चालत नसेल तर बहुतेक वेळा आयसोनियाझिडही चालत नाही, म्हणून ही एक ओळ एमडीआरची खूण ठरली.

ही ओळ वाचायची तर तिच्या पुरेशा प्रती हव्यात. त्यासाठी पीसीआर होतं. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधलेली ही पद्धत डीएनएचा हवा तो तुकडा गरम-थंड, गरम-थंड करत दर फेरीला दुप्पट करते. मघाचा हिशेब आठवा. तीस वेळा दुप्पट व्हायला जंतूला पंचवीस दिवस लागत होते. यंत्रात त्याच्या त्या एका ओळीची तीस वेळा दुप्पट तासाभरात होते. महिन्यांचे तास झाले ते या एका कारणाने. नळीत जंतूला वाढायची गरजच उरली नाही.

मग ती ओळ शुद्ध आहे की तिच्यात चूक आहे, हे ओळखायचं. त्याची युक्ती १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी शोधली. डीएनएचा एक छोटा तुकडा चिमट्यासारखा दुमडलेला असतो. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा पदार्थ. दुमडलेला असताना अंधार. त्याला आपली जुळणारी ओळ सापडली की चिमटा उघडतो, तिला चिकटतो आणि उजेड पडतो. असे पाच चिमटे मिळून ती ८१ अक्षरं झाकतात. पाचही उजळले तर ओळ शुद्ध, म्हणजे रिफॅम्पिसिन चालेल. एखादा विझलेलाच राहिला तर तिथे बिघाड आहे, म्हणजे चालणार नाही. बेडक्यात क्षयजंतू आहे का आणि त्यावर औषध चालेल का, ही दोन्ही उत्तरं एकदमच मिळतात.

उरलं यंत्र. पीसीआर करायला तेव्हा तीन वेगळ्या खोल्या आणि शिकलेला माणूस लागे, कारण एका नमुन्याचा कण दुसऱ्यात गेला तरी उत्तर चुकतं. हे सगळं एका बंद डबीत करणारं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सेफीड कंपनीकडे होतं. अमेरिकेत २००१ साली पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले, आणि त्यानंतर तिथल्या टपाल खात्यात पत्रांची तपासणी करायला हेच तंत्र बसवलं गेलं. श्रीमंत देशाच्या भीतीतून तयार झालेलं यंत्र गरीब देशांच्या रोगाकडे वळवण्याचं काम जिनिव्हाची फाइंड ही संस्था, न्यू जर्सीतले डेव्हिड अ‍ॅलंड यांचा गट आणि सेफीड यांनी मिळून केलं. त्या यंत्राचं नाव जीनएक्सपर्ट. आपल्या सरकारी दवाखान्यात त्याला सीबीनॅट म्हणतात.

पाच शहरं, त्यातलं एक मुंबई

यंत्र चांगलं आहे हे बनवणाऱ्याने सांगून चालत नाही. त्याची कसोटी पाच शहरांत लागली : पेरूमधलं लिमा, अझरबैजानमधलं बाकू, दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन आणि डर्बन, आणि आपली मुंबई. मुंबईचं काम हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. कामिला रॉड्रिग्ज यांच्याकडे होतं. एकूण १,७३० रोग्यांची तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. काचेवर जंतू दिसलेल्या ५६१ रोग्यांपैकी ५५१ जणांचा क्षय यंत्राने एकाच तपासणीत ओळखला. काच कोरी होती, पण नळीत जंतू वाढले, अशा १७१ पैकी १२४ जणांचा ओळखला. सूक्ष्मदर्शकाच्या भरवशावर हे १२४ लोक घरी परतले असते. रिफॅम्पिसिन न चालणाऱ्या २०५ पैकी २०० रोगी त्याने बरोबर पकडले.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीला मान्यता दिली. त्यानंतर बरोबर वर्षभराने, डिसेंबर २०११ मध्ये, त्याच हिंदुजा रुग्णालयातून डॉ. उदवाडिया आणि सहकाऱ्यांचं एक छोटं पत्र वैद्यकीय नियतकालिकात आलं. चार रोग्यांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. पत्रात या रोगाला ‘संपूर्ण औषध-प्रतिरोधी क्षय’ म्हटलं होतं. देशात खळबळ माजली. सरकारने ही संज्ञा मान्य केली नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही अशी व्याख्या नसल्याचं सांगितलं. शब्दावरून वाद झाला, पण पत्रातला दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा होता. चारपैकी तिघांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी राखीव औषधं एकेक करून, अनेकदा चुकीच्या मात्रेत दिली होती. १९४८ सालच्या इशाऱ्याकडे केलेलं दुर्लक्ष असं त्रेसष्ट वर्षांनी माहीममध्ये फळाला आलं होतं.

२०१२ हे वर्ष मग धावपळीचं गेलं. मे महिन्यात प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झालं. जूनमध्ये रक्ताच्या तपासण्यांवर बंदी आली. आणि त्याच वर्षी देशातल्या अठरा ठिकाणी जिल्ह्याखालच्या पातळीवर सीबीनॅट लावून बघायला सुरुवात झाली.

यंत्र पोचलं, वीज पोचली का?

इथून गोष्ट शहराबाहेर जाते, आणि इथेच रोग्याच्या हिशेबाला सुरुवात होते.

जीनएक्सपर्टला स्थिर वीज लागते. खोलीचं तापमान तीस अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होतो. त्याच्या डब्याही थंड ठेवाव्या लागतात. आपल्या मे महिन्यात तीस अंश म्हणजे पहाटेचं तापमान. म्हणजे वातानुकूलित खोली आली, बॅटरीची जोड आली, दर वर्षी यंत्राची जुळणी आली. डबीची किंमतही होती : २०१२ साली गरीब देशांसाठी ती ९ डॉलर ९८ सेंटवर आणली गेली, आणि तिथून ७ डॉलर ९७ सेंटवर यायला २०२३ उजाडलं. त्यामुळे यंत्रं बसली ती जिल्ह्याच्या ठिकाणी. गावातला बेडका डब्यात बंद होऊन जिल्ह्याला जायचा, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. उत्तर दोन तासांचं आणि प्रवास आठवड्याचा.

याला एक उत्तर गोव्यातून आलं. वेर्ण्याची मोलबायो आणि बंगळूरची बिगटेक या कंपन्यांनी ट्रूनॅट नावाचं यंत्र तयार केलं. श्रीराम नटराजन आणि चंद्रशेखर नायर ही त्यामागची दोन नावं. विचार साधा होता : प्रयोगशाळेकडे रोगी नेण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात जिथे सूक्ष्मदर्शक ठेवला आहे, त्याच टेबलावर मावेल असं यंत्र करायचं. ते बॅटरीवर चालतं आणि त्याला थंड खोली लागत नाही. एक पेटी बेडक्यातून डीएनए वेगळा काढते, तो थेंब एका छोट्या चिपवर टाकायचा, आणि दुसरी पेटी पीसीआर करते. तासाभरात क्षय आहे की नाही हे कळतं. असेल, तर त्याच थेंबातून आणखी तासाभरात रिफॅम्पिसिनचं उत्तर मिळतं.

त्याचीही बाहेर कसोटी लागली. भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत, मोठ्या प्रयोगशाळांबरोबरच साध्या तपासणी केंद्रांवरही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर करून त्याला दार उघडून दिलं. भारतात घडलेल्या यंत्राला क्षयाच्या निदानात असं स्थान मिळणं ही मोठी गोष्ट होती.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. दोनच महिन्यांत कोविड आला. क्षयासाठी पोचलेली हीच यंत्रं कोविड तपासायला लागली. छोट्या गावांत कोविडची तपासणी होऊ शकली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. पण २०१९ साली देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रोग्यांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये १८ लाखांवर आली. सहा लाख लोक एका वर्षात बरे झाले नव्हते. टाळेबंदीत ते दवाखान्यापर्यंत पोचलेच नव्हते.

जबलपूर ते श्योपूर

दीक्षितपुऱ्यातल्या माणसाला खोकला लागला, तर जिल्हा रुग्णालय रिक्षाने थोड्याच वेळाच्या अंतरावर आहे. शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि याच जबलपुरात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आदिवासींच्या आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिची स्थापना १९८४ सालची. क्षयाच्या इतिहासात या संस्थेचं एक काम विसरता येणार नाही. तिच्या संशोधकांनी मध्य प्रदेशातल्या आदिवासी पाड्यांत घरोघर जाऊन बेडके तपासले. राज्याच्या वायव्य टोकाला श्योपूर जिल्ह्यात सहरिया लोक राहतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांच्यात दर लाख प्रौढांमागे क्षयाचे १,५१८ रोगी होते. तुलनेसाठी सांगायचं तर २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा देशभरासाठी ३१६ आला. दोन्ही पाहण्यांची वर्षं वेगळी आहेत हे धरूनही फरक काय आहे ते दिसतं.

सहरिया माणसासाठी ‘दोन तास’ याचा अर्थ काय? दगडखाणीवर किंवा जंगलात मजुरी करणाऱ्याने तपासणीला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. अहवालाला पुन्हा यायचं म्हणजे दुसऱ्या दिवसाची. सकाळी बेडका देऊन दुपारी गोळ्या घेऊन घरी, असं झालं तर तो एकाच दिवसात अडकतो आणि उपचारालाही लागतो. दुसरा हेलपाटा पडला की त्यातले काही जण गळतात. हे गळणं कोणत्याही यंत्राच्या अचूकतेच्या आकड्यात दिसत नाही.

जे यंत्राला दिसत नाही

या चाचण्यांच्याही मर्यादा आहेत, आणि त्या समजून घेतल्या नाहीत तर पुन्हा आंधळेपणाच.

यंत्र ८१ अक्षरं वाचतं, उरलेली पोथी वाचत नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात, ज्याला आधी स्वाझीलँड म्हणत, बिघाड या ८१ अक्षरांच्या किंचित बाहेर असलेला जंतू पसरला. तिथल्या एमडीआर जंतूंपैकी तीस टक्क्यांमध्ये तो सापडला, आणि यंत्र त्यांना ‘रिफॅम्पिसिन चालेल’ असं सांगत होतं. दुसरी गोष्ट, नुसत्या आयसोनियाझिडला न जुमानणारा क्षय या तपासणीतून सुटतो. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. त्यासाठी लाइन प्रोब ही पट्टीवरची चाचणी २००८ पासून आहे, पण ती मोठ्या प्रयोगशाळेत होते. राखीव औषधांची तपासणी करणारी नवी डबी २०२१ मध्ये मान्य झाली, आणि पोथीतली औषधांशी संबंधित सगळी पानं थेट वाचणाऱ्या पद्धतींनाही आता जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली आहे. तिसरी गोष्ट : पीसीआर मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडतं. म्हणून उपचार लागू पडतोय का, हे बघायला ही चाचणी वापरत नाहीत. तिथे जुना सूक्ष्मदर्शक आणि जुनी नळीच कामाला येतात.

भारतातला पहिला राष्ट्रीय औषध-प्रतिरोध अभ्यास २०१४ ते २०१६ मध्ये झाला. नव्या रोग्यांत एमडीआरचं प्रमाण २.८४ टक्के आढळलं, आधी उपचार घेतलेल्यांत ११.६२ टक्के. हे प्रमाण लहान वाटेल. पण ज्यांनी आधी औषध घेतलंच नव्हतं त्यांच्यातलं २.८४ टक्के म्हणजे न जुमानणारा जंतूच श्वासावाटे आत आलेले लोक. त्यांनी गोळ्या चुकवल्या नव्हत्या, औषध अर्धवट सोडलं नव्हतं. कुणा दुसऱ्याचं उत्तर उशिरा आलं, तेवढ्या काळात त्यांना लागण झाली. चाचणी लवकर होणं ही त्या एका रोग्यापुरती गोष्ट नाही, ती यामुळे.

आणि निदानानंतर हाती देण्यासारखं औषधही हवं. एमडीआरचा उपचार पूर्वी दीड-दोन वर्षांचा होता. त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं, आणि त्यांनी कित्येकांचे कान गेले. आता बेडाक्विलिन आणि त्याच्या जोडीच्या औषधांचा सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार भारतात २०२४ साली मान्य झाला आहे. मोठ्या कष्टाने मिळालेली ही नवी औषधं जुन्याच पद्धतीने अंदाजाने दिली, तर त्यांची गत स्ट्रेप्टोमायसिनसारखी व्हायला वेळ लागणार नाही. त्यांच्या विरुद्धचा बिघाड पोथीत एका ओळीत सापडत नाही, तो ठिकठिकाणी विखुरलेला असतो. म्हणून या औषधांसाठी झटपट चाचणी तयार करणं रिफॅम्पिसिनपेक्षा अवघड आहे. संशोधकांपुढचं आजचं काम ते आहे.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, शेजारात दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर या इतिहासातून घ्यायची गोष्ट एवढीच. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. नमुना देताना नुसती थुंकी देऊ नका, खोल श्वास घेऊन, खोकून छातीतला बेडका द्या, कारण यंत्र कितीही चांगलं असलं तरी डबीत जे पडेल तेच ते वाचतं. आणि अहवालात क्षय निघाला, तर पहिली गोळी घेण्याआधी पुढचा प्रश्न विचारा : रिफॅम्पिसिन चालेल का, ते तपासलंय का? हा प्रश्न विचारता यावा म्हणून कॉखपासून वेर्ण्यापर्यंत पुष्कळ लोकांनी काम केलं आहे. तो न विचारता गोळ्या सुरू करायचं आता कारण उरलेलं नाही.